हातांची हलकी प्रत

"त्यात काय एवढं, मी बघतो!"

हे वाक्य वायरमनच्या ओठांवर कायम तयार असायचं. समोरच्याचं बोलणं पुरतं व्हायच्या आत ते बाहेर पडायचं. कुणाचा पंखा घरघरतो आहे, त्यात काय एवढं. कुणाच्या दारावरची बेल आपोआप वाजते आणि म्हातारी सारखी उठून दार उघडते, मी बघतो. एकदा शेजारीण सहज म्हणाली, "आज ऊन फारच आहे हो," तर ह्याने सवयीने मान हलवली आणि म्हणाला, "मी बघतो." ते ऐकून त्याची बायको इतकी हसली, की हातातली इस्त्री तिला बाजूला उभी करून ठेवावी लागली.

आणि खोटं कशाला बोला, तो बघायचाही. कापडगिरणीत त्याने उभी हयात वायरमन म्हणून काढली होती. गिरणी सुटली, पण नाव चिकटून राहिलं. गल्लीत कुणी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. त्याच्या बायकोचं घराच्या पुढच्या खोलीत इस्त्रीचं दुकान होतं. नणंदेची मुलगी तिला मामी म्हणायची, म्हणून सगळी गल्लीच मामी म्हणू लागली. म्हाताऱ्या माणसांचीही ती मामीच.

पुढची खोली म्हणजे एका भिंतीला इस्त्रीचं लांब टेबल, वर दोरीला टांगलेले शर्ट, खाली गाठोडी आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर. तो वायरमनने एका बंद पडलेल्या कचेरीतून आणला होता. त्याच्या बटणांवरची अक्षरं झिजली होती आणि डब्याचं एक झाकण रबराच्या पट्टीने धरून ठेवलेलं होतं. सकाळी तो सुरू करायचा म्हणजे गाढ झोपलेल्या माणसाला हलवून उठवण्यासारखं होतं. आधी कण्हायचा, मग गुरगुरायचा, मग बराच वेळ नुसता काळ्या डोळ्याने बघत राहायचा.

"माझी इस्त्री तापून दोन शर्ट झाले, तरी ह्याचं तोंड काही उघडत नाही," मामी म्हणायची.

"इस्त्रीला डोकं कुठं असतं? ह्याला विचार करावा लागतो," वायरमन म्हणायचा.

"मग घरात विचार करणारं एक तरी आहे म्हणायचं!"

अशा ह्या घरात ती फिल्म आली.

फिल्म होती वायरमनच्या थोरल्या बहिणीच्या हातांची. बहीण रफूचं काम करायची, म्हणून तिला सगळे रफूताई म्हणत. कोटाला निखाऱ्याने भोक पडो, साडी खिळ्याला अडकून फाटो, रफूताई त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा उसवून काढायची आणि त्या भोकावर एक आडवा, एक उभा असं कापड पुन्हा विणून ठेवायची. गिऱ्हाईक कापड घ्यायला यायचं तेव्हा ती काही बोलायची नाही. कापड पुढ्यात टाकायची आणि गप्प बसायची. गिऱ्हाईक ते उलटायचं, पालटायचं, उजेडात धरायचं आणि शेवटी म्हणायचं, "माझं हे नव्हे, माझं फाटलेलं होतं." तेवढं ऐकण्यासाठी ती जगत होती म्हटलं तरी चालेल.

मग तिचा उजवा हात थरथरू लागला. आधी कपबशी वाजू लागली, मग सुईत धागा जाईना. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. औषध घेतल्यावर सकाळी थोडा वेळ हात शांत राहायचा, झाडावर पाखरू क्षणभर टेकावं तसा. शिवणवर्ग चालवणाऱ्या बाई, ज्यांना सगळे शिवणबाई म्हणत, त्या एक दिवस घरी आल्या आणि म्हणाल्या, "ताई, हे तुमच्याबरोबर जायला नको. तुमच्या हातांची फिल्म करू. मुली बघून शिकतील. वर्गात भिंतीएवढा टीव्ही आणलाय, त्यावर एकेक धागा दिसेल."

रफूताईची मुलगी दवाखान्यात नर्स होती. तिने आपल्या फोनवर फिल्म काढायची ठरलं. रोज सकाळी औषध लागू पडलं, की रफूताई खिडकीशी बसायची, भाची फोन हातात धरून मागे उभी राहायची आणि वायरमन दिवा धरायचा. सुई कशी टेकवायची, धागा कुठून उचलायचा, हे रफूताई काम करता करता बोलून सांगायची. फिल्म पुरी होईपर्यंत तिच्या हाताने कशीबशी साथ दिली. त्यानंतर तो पुन्हा शांत झालाच नाही. सकाळीही नाही. म्हणजे त्या फोनमध्ये जे होतं, तेवढेच तिचे हात आता जगात उरले होते.

"मामा, क्लिपा ढीगभर झाल्यात," भाची म्हणाली होती. "माझ्या मैत्रिणीकडे नवा लॅपटॉप आहे. तिच्याकडे बसून जोडून घेऊ का?"

"मैत्रीण कशाला? घरचं काम घरात. त्यात काय एवढं, मी बघतो."

क्लिपा कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतल्या आणि वायरमनने एडिटिंगचं सॉफ्टवेअर निवडायला घेतलं. जुन्या काळी लोक बैल निवडत असत तसं. लग्नाच्या फिल्मा करणारा एक ओळखीचा होता, त्याने आपण वापरतो ते मोठं सॉफ्टवेअर दिलं. ते घातलं तर कॉम्प्युटरचा पंखा असा काही फिरू लागला, की मामीने दोरीवरचे शर्ट हाताने धरले.

"अहो, उडतंय की काय हे?"

"गरम होतंय. थांब."

थांबली. एक क्लिप उघडायला चहा झाला, चहा प्यायला झाला, कप विसळून झाले. क्लिप उघडली तर रफूताईचा हात उचलला जायचा आणि तिथेच अडकून राहायचा. आवाज पुढे पळायचा, हात हवेत. वायरमनने डबा उघडला, रंगाच्या ब्रशने आतली धूळ झाडली, पंख्याला तेलाचा थेंब दिला, झाकण लावलं. हात हवेतच.

भाची संध्याकाळी डोकावली. म्हणाली, "मामा, मशीन फार जुनं आहे रे. ह्यात मेमरी वाढवावी लागेल."

"मशीन जुनं नसतं, चालवणारा नवखा असतो," वायरमन म्हणाला. मामीला वाटलं, हे त्याने आरशात बघून म्हणायला हवं होतं.

दुसरं सॉफ्टवेअर फुकटातलं मिळालं. ते चाललं झपझप. फिल्म तयार करून बघितली, तर चित्रावर मधोमध त्या कंपनीचा शिक्का, नेमका रफूताईच्या बोटांवर. "हे म्हणजे पाहुण्याने जेवून आपल्याच भिंतीवर नाव लिहून जाण्यासारखं झालं," वायरमन चिडला आणि तेही काढून टाकलं.

तिसरं मिळालं ते मात्र त्याला आवडलं. जुन्या, हळू कॉम्प्युटरसाठीच केलेलं. त्यात एक सोय होती. मोठ्या क्लिपा तशाच बाजूला ठेवायच्या, सॉफ्टवेअर त्यांच्या छोट्या, हलक्या प्रती तयार करतं. कापणं, जोडणं, मागेपुढे करणं सगळं त्या हलक्या प्रतींवर करायचं आणि शेवटी फिल्म निघते ती मोठ्या क्लिपांमधून. वायरमनला हे इतकं पटलं, की मामीला इस्त्री थांबवून ऐकावं लागलं.

"बघ, मोठी मोटर बसवायच्या आधी आम्ही लाईनवर छोटी मोटर लावून बघायचो. लाईन बरोबर आहे ना? मग मोठी. तसंच हे. डोकं लागतं याला."

"कळलं. छोटी मोटर."

"सगळ्यांनी हाणून पाडलं होतं. मशीन जुनं, मशीन जुनं. शेवटी निवडलं की नाही बरोबर?"

त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा गिरणीतला जुना उजेड आला होता. मामीला तो बघून बरं वाटलं. म्हातारपणी माणसाला आपण उपयोगाचे आहोत असं वाटणं, ह्यासारखं औषध नाही. नंतर ह्याच क्षणाची तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. त्या उजेडापायी ती पुढे गप्प बसली.

फिल्म निम्मी जोडून झाली आणि कॉम्प्युटर म्हणू लागला, जागा संपली. वायरमनने जुने फोटो काढले, गाणी काढली. तरी जागा पुरेना. मग त्याने मोठ्या क्लिपांचं फोल्डर बघितलं. सगळी जागा तेच खाऊन बसलं होतं. त्याने विचार केला, छोट्या प्रती झाल्यात, काम त्यांच्यावरच चाललंय, फिल्म डोळ्यांसमोर दिसतेय. जे घ्यायचं ते सॉफ्टवेअरने आत घेतलेलं आहे. लाईन चालू झाली की मोटरचं रिकामं खोकं कशाला ठेवायचं? त्याने मोठं फोल्डर पुसलं आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

मोठी मोटर त्याने आपल्या हाताने भंगारात घातली होती, आणि त्याला पत्ताही नव्हता.

सॉफ्टवेअरने एक इंग्रजी सूचना दाखवली. अशा सूचना तो दिवसभर घोंघावणाऱ्या माश्यांसारख्या हाकलायचा. ही पण हाकलली. फिल्म तयार झाली. त्याने मामीला खुर्चीत बसवून दाखवली.

मामीचा जन्म कापडावर नजर ठेवण्यात गेलेला. शर्ट हातात घेतला, की कॉलर कुठे विरली आहे ते तिला दिसायचं. तिने पडद्याकडे बघितलं. हात रफूताईचे होते, बोलणं रफूताईचं होतं. पण कापडाला वीण नव्हती. धागे नव्हते. राखाडी पाण्यात बोटं हलत होती.

"जरा पुसट नाही का वाटत?" ती म्हणाली.

"अगं, हा पडदा जुना आहे. तिथं मोठ्या टीव्हीवर बघ तू."

तिने एकदा त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि "हो, असेल," म्हणाली.

माडीवरच्या वर्गात त्या दिवशी शिवणयंत्रं भिंतीकडे सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. मुली होत्या, त्यांच्या आया होत्या. रफूताई चांगली साडी नेसून, हातात लाकडी पट्टी घेऊन टीव्हीजवळ उभी होती. थरथर दिसू नये म्हणून तिने ती पट्टी छातीशी दाबून धरली होती. भाची ड्यूटीवरून तशीच, गणवेशात आली आणि मागे दाराशी उभी राहिली. मामी पहिल्या रांगेत.

फिल्म सुरू झाली. वायरमनने घातलेली अक्षरं फुलांच्या वेलीतून आली, ती मात्र स्वच्छ, टपोरी. त्यानंतर कापड आलं. भिंतीएवढं धुकं.

"इथे बघा," रफूताई म्हणाली, "हे भोक. याच्या कडेचे धागे आधी मोजायचे..." आणि तिने पट्टी उचलली. पट्टीचं टोक थरथरत त्या धुक्यात भोक शोधू लागलं.

पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "बाई, भोक कुठंय?"

तिची शेजारीण म्हणाली, "अगं, रफू झालं पण!"

हसू फुटलं. वाईट बुद्धीचं नव्हतं, मुलींचं होतं, पण भरल्या खोलीतलं होतं. रफूताईने चष्मा वर केला, टीव्हीच्या अगदी जवळ गेली आणि आपलेच हात ओळखू येत नसल्यासारखी बघत राहिली.

शिवणबाईंनी फिल्म थांबवली. "वायरमन, हे असं का दिसतंय?"

मामी नवऱ्याच्या मानेकडे बघत होती. ती मान कानापर्यंत लाल झाली. तिथेच तिला कळलं, की ह्याला कळलं आहे. मोठ्या क्लिपा, छोट्या प्रती, टोपली, सगळं त्याला एका क्षणात उमगलं आहे. नेहमीचं वाक्य ओठांवर आलं नाही. दुसरंच आलं.

"काढतानाच नीट काढलेलं नाही. मी काय करणार?" तो म्हणाला. "मुळातच पुसट आहे. फिल्म काढायची म्हणजे हात स्थिर नको का माणसाचा?"

मागून भाची म्हणाली, "मामा, माझ्या फोनवर तर धागान् धागा दिसत होता."

"फोनच्या एवढ्याशा पडद्यावर सगळंच छान दिसतं."

"मग फोनमधलं लावा की," कुणीतरी म्हणालं.

"फोनमधलं पुसलंय मी," भाची म्हणाली. ती मामाकडे बघत होती. तो टीव्हीच्या वायरकडे बघत होता.

एक बाई दुसरीच्या कानात बोलली, पण खोली इतकी गप्प झाली होती की ते सगळ्यांना ऐकू आलं. "आईसारखाच हात असणार. घराण्यात असतं ते."

भाचीने खांद्यावरची पिशवी नीट केली आणि निघून गेली. मामीने मांडीवरच्या पदराची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. उठून एक वाक्य बोलायचं होतं. फिल्म पुसट आहे असं मी म्हणाले होते, हे घरातच बिघडलं. एवढंच. ते तिच्याच्याने झालं नाही. चारचौघांत नवऱ्याला खाली कसं बघायला लावायचं, असं तिने स्वतःला सांगितलं. पण चारचौघांत एक पोरगी खाली बघत निघून गेली, तेव्हा ती खुर्चीत बसून होती.

दुसऱ्या दिवशी वायरमन डबा उचलून दुरुस्तीवाल्याकडे गेला आणि डबा उचलून परत आला. दुरुस्तीवाल्याने म्हणे शोधलं. पुसलेलं कधीकधी मिळतं, पण ह्याने त्याच जागेवर नवी फिल्म लिहून ठेवली होती.

"काका, रिकाम्या प्लॉटवर तुम्ही घर बांधलंत, आता खालचं शेत कसं दाखवू?" असं तो म्हणाला. हे सांगताना वायरमन हसल्यासारखं करत होता. मामी हसली नाही.

दुपारी तो पुन्हा कॉम्प्युटरशी बसला. त्या हलक्या प्रती एकेक उघडून बघू लागला, कुठे एखादी तरी स्वच्छ निघेल म्हणून. मामी इस्त्री करत होती. तिला नुसता रफूताईचा आवाज ऐकू येत होता, कारण आवाज मात्र जशास तसा राहिला होता. "धागा ओढायचा नाही गं, बसवायचा. ओढला की कापड रागावतं."

मग शेवटची क्लिप आली. ह्या क्लिपचं शेपूट वायरमनने फिल्ममध्ये घेतलं नव्हतं, कारण त्यात काम संपलेलं होतं आणि फोन तसाच चालू राहिला होता. रफूताईचा श्वास ऐकू आला, "झालं बाई एकदाचं." सुई डबीत टाकल्याचा आवाज. मग भाचीचा आवाज.

"मामा, आता ही उतरवलीस की सगळं तुझ्याकडे येईल ना? फोन भरलाय माझा. पण मी ठेवते थोडे दिवस. असू दे दोन ठिकाणी."

आणि त्याच्यावर लगेच, तिचं बोलणं पुरतं व्हायच्या आत, मोठा, खुशीतला आवाज.

"कशाला? पुसून टाक बिनधास्त. त्यात काय एवढं, मी बघतो!"

क्लिप संपली. मामीने इस्त्री उभी केली. खोलीत तिच्या वाफेचा तेवढा आवाज राहिला.

"ऐकलंस?" वायरमन पाठमोराच म्हणाला.

"ऐकलं."

"ती तिथं बोलली असती तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती. बोलली नाही पोरगी."

"अहो, मी तरी कुठं बोलले? घरात एकदा पुसट म्हणाले आणि गिळून बसले. तिथंही बसले." मामीने टेबलावरचा शर्ट उगाच सरळ केला. "चला. ताईंकडे जाऊ."

"इस्त्री?"

"थंड होईल."

रफूताईच्या घरात भाची आतल्या खोलीत रात्रपाळी करून झोपली होती, दार ओढलेलं. रफूताई खिडकीशी बसली होती. समोर धाग्यांचा पत्र्याचा डबा उघडा. तिने डाव्या हाताने उजवा धरून ठेवला होता, रडणाऱ्या लेकराला मांडीवर धरावं तसा. वायरमनने सांगायला सुरुवात केली ती मोठ्या मोटरपासून. मामीने त्याच्याकडे बघितलं, तसा तो थांबला आणि म्हणाला, "ताई, मी पुसलं. पोरीचं काही चुकलं नाही."

रफूताईने डाव्या हाताने डब्याचं झाकण लावलं. मग तिने विचारलं, "सगळंच गेलं?"

"हलक्या प्रती आहेत. पुसट."

"त्या पुन्हा स्वच्छ होत नाहीत?"

"नाही."

"हं. धागाच उरला नाही, तर भोक भरायचं कशानं," ती म्हणाली, स्वतःशीच, एखादं गिऱ्हाईक परत पाठवताना म्हणायची तशा आवाजात. मग मान वर केली. "हात गेले ते गेले. माझे होते, माझं मी बघेन. पण तू पोरीला काय बोललास, आठवतं का?"

"आठवतं."

"हात स्थिर नाही म्हणालास. ती सुया टोचते रे लोकांना. उद्या तिच्यापुढे दंड धरताना माणसं काय म्हणतील? काल त्या बाईने म्हटलंच ना, आईसारखा हात? मला हीच भीती वाटते रोज. तेच नेमकं तू भर वर्गात बोललास."

वायरमन जमिनीकडे बघत होता. "उठली की माफी मागतो तिची."

"ती माग. तो तुमचा मामा-भाचीचा व्यवहार. पण ज्यांच्यापुढे बोललास त्यांना मी जाऊन सांगू का आता?"

आतल्या दाराची कडी हलल्यासारखी वाटली. दार मात्र उघडलं नाही.

वर्गाची वेळ होती. तिघंही चालत गेली. रफूताई पुढे, वायरमन मागे, मामी त्याच्याही मागे. रस्त्यात पिठाच्या गिरणीवाल्याने हाक मारली, "वायरमन, पट्टा घसरतोय बघा!" वायरमनने हात वर केला, पण तोंडातून काही निघालं नाही. गिरणीवाला दारात येऊन बघत राहिला. ह्याला काय झालं?

यंत्रांची घरघर थांबवायला शिवणबाईंनी टाळी वाजवली. वायरमन टीव्हीपुढे उभा राहिला. आपल्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना. शेवटी त्याने ते पाठीमागे घेतले.

"कालची फिल्म," तो म्हणाला, "त्यात असं असतं, की सॉफ्टवेअर छोट्या प्रती करतं. कॉम्प्युटर हळू असला म्हणजे. आणि मोठ्या ज्या असतात..." एक मुलगी यंत्राचं चाक हळूच फिरवत होती. "आणि जागा संपली की माणसाला वाटतं..." तो अडखळला. मामीला वाटलं, आता हा वाहून जाणार, मशीन जुनं होतं म्हणणार. "ते राहू दे," तो म्हणाला. "फिल्म चांगली निघाली होती. मी बिघडवली. मूळ क्लिपा मी पुसल्या. फोनमधल्याही मीच पुसायला लावल्या. मला तिथंच कळलं होतं आणि मी भाचीवर ढकललं. तिचा हात स्थिर आहे. माझी जीभ नव्हती."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं मामीला वाटलं. मग ती उठली. "मला पण दिसलं होतं," ती म्हणाली. "घरातच. मी बोलले नाही." आणि बसली. तिला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

शिवणबाई म्हणाल्या, "बरं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "बरं." मग रफूताईकडे वळल्या. "ताई, आता कसं करायचं?"

रफूताई म्हणाली, "आवाज आहे ना त्यात? चित्र झाका. पोरींच्या हातात फाटकं कापड द्या आणि त्यांना ऐकू द्या मी काय बोलले होते ते. चुकतील तिथं मी सांगेन. हात दाखवता येणार नाही, पण बोट ठेवता येईल. थरथरत का होईना."

कुणीतरी टीव्हीवर चादर टाकली. पण टीव्ही सुरूच होईना. मागचं बटण सैल होतं. सगळ्यांच्या माना सवयीने वायरमनकडे वळल्या. तो पुढे झाला, वाकला, बटण दाबून धरलं, खाली कागदाची घडी खोचली. टीव्ही सुरू झाला. तो एक शब्दही न बोलता दाराबाहेर पडला.

मामी खिडकीशी गेली. खाली फाटकापाशी भाची उभी होती, गणवेशात, पिशवी खांद्याला. कधी आली, वर किती ऐकलं, कळायला मार्ग नव्हता. वायरमन तिच्यापाशी थांबला. काहीतरी बोलला, खाली बघून, थोडंसंच. भाची ऐकत होती. तिने मान हलवली नाही, हसली नाही, हातही पुढे केला नाही. नुसती फाटकातून थोडी बाजूला झाली, त्याला जायला वाट दिली.

मागे चादरीखालून रफूताईचा जुना, धडधाकट आवाज सुरू झाला होता, "धागा ओढायचा नाही गं..." आणि मुलींच्या माना कापडावर वाकल्या होत्या.

वायरमन रस्त्याच्या कडेकडेने चालत गेला. हात अजून पाठीमागेच होते. पिठाच्या गिरणीपाशी त्याची चाल मंदावली, पण तो थांबला नाही. वरून मामी बघत होती, खालून भाची. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. तो कोपऱ्यावर वळून दिसेनासा झाला, तरी भाची तिथेच उभी होती.